मागच्या बोळातला हंसराज

मोठीमाय, तू आजारी पडल्यापासून मागच्या बोळात पाऊल टाकायला माझं मन धजत नव्हतं. काल तेरवीच्या सकाळी गेले. मालकीण गेली की तिची झाडं माना टाकतात असं बाया म्हणतात, तेव्हा मी तेच पाहायच्या तयारीने गेले होते. पण हंसराज भिंतीवरून इतका खाली आलाय की विहिरीकडे जाताना तो हाताने बाजूला सारावा लागतो. फणसाच्या खोडावर बाशिंगाच्या रोपाने नवी पानं काढली आहेत. विटांवर हंसराजाची इतकी पिल्लं उगवली आहेत की वीट दिसत नाही. पदर डोळ्याला लावायला हातात धरला होता, तो तसाच राहिला आणि मला हसू फुटलं. जिंकलीस, मोठीमाय. या घरात तू एकच लढाई मनापासून लढलीस आणि ती तू पुरती जिंकून गेलीस.

मी तुझ्या धाकट्या दिराची मुलगी. तुझ्या पोटची नाही, हे गावाने मला फार लवकर सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस. सौंदडच्या या घरात मला आठवतं तेव्हापासून माझी वेणी तू घातलीस आणि माझ्या पाठीत धपाटाही तूच घातलास. मायला शेतातून सवड नसायची. मी तुझ्या मागे मागे फिरायची, आणि तू जास्तीत जास्त वेळ त्या बोळात असायचीस, म्हणून मीही.

काय होतं त्या बोळात? एका बाजूला आपल्या घराची मातीची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गोठ्याची. दोन्हीकडच्या छपरांचे कवेलू इतके पुढे आलेले की वर आभाळाची चिंधी दिसायची. त्यावर परसातल्या फणसाने फांदी धरलेली. विहिरीवर सांडलेलं पाणी तिथूनच वाहून जायचं. ऊन कधी शिरलं नाही. तू तुळस लावलीस, ती गेली. झेंडू लावलास, तो नुसताच उंच वाढून आडवा झाला. वांग्याने फूल धरलं नाही. मोठेबाबा, तुझे मालक, म्हणायचे, "अठी काईच येत नाई. सोड नाद." तू सोडला नाहीस. जागा वाईट नाही, जागेजोगतं झाड सापडलं नाही, एवढंच तुझं म्हणणं.

ते झाड तुला आपल्याकडच्या प्रतापगडच्या डोंगरावर सापडलं. महाशिवरात्रीची यात्रा होती. मी तेव्हा परकर नेसायची. सगळी माणसं वर दर्शनाला चढत होती आणि तू वाटेतल्या झऱ्यापाशी एका ओल्या खडकासमोर उभी राहिलीस ती हलेनास.

"काऊन थांबली व?" माय ओरडली.

"हे पाय," तू म्हणालीस. "याले ऊन नाई, माती नाई. तरी कसं हासून राहिलं."

खडकाच्या भेगांतून बारीक हिरव्या पानांचे झुबके लोंबत होते, देठ काळे आणि केसासारखे. वाऱ्याशिवायच थरथरत होते. एका म्हातारीने नाव सांगितलं, हंसराज. खोकल्यावर उकळून देतात म्हणाली. तू दोन झुबके शिदोरीच्या ओल्या फडक्यात बांधलेस आणि उतरेपर्यंत ते फडकं कोणाच्या हाती दिलं नाहीस.

घरी आल्यावर त्या झाडाचे तू फार लाड केलेस. काळी माती, शेणखत, तांब्या भरभरून पाणी. होळीपर्यंत दोन्ही झुबके करपून काळे पडले. मी रडले. तू मात्र मातीसकट ते उपटून उकिरड्यावर टाकलंस आणि हात धुतलेस. "मेलं तं मेलं. पावसात पुन्हा आणीन."

आणि श्रावणात तू खरंच बाबांना घेऊन भर पावसात गेलीस. त्या खेपेला तू पानांकडे पाहिलंच नाहीस असं बाबा सांगायचे. खडकाच्या भेगेत मनगटापर्यंत हात घालून बसली होतीस. मुळाशी काय आहे ते बोटांनी चाचपत होतीस. माती चिमूटभर, तीही कुजलेल्या पानांची. पांढरट, चुन्यासारखा खर. पाणी सतत येतंय, पण एक थेंब साचत नाही. घरी येऊन तू फुटक्या विटा गोळा केल्यास, पडलेल्या ओट्याचा जुना चुना फोडलास, चुलीतले कोळसे आणि फणसाखालचा कुजका पाला कालवलास. खताला हात लावला नाहीस. आणि वर बांबूला एक मडकं टांगलंस. त्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधी, आणि चिंधीतून थेंब थेंब पाणी. देवळातल्या गळतीसारखं.

बाबा हसत म्हणाले, "वहिनी, गळती तं लावली, पिंड कुठं आहे?"

"पिंड नसन, तहान तं आहे," तू म्हणालीस.

गोगलगायीसारखा गुंडाळलेला पहिला कोंब निघाला तेव्हा तू मला स्वयंपाकघरातून हाक मारून आणलंस. दोघी उकिडव्या बसून पाहत राहिलो. भात उतू गेला. तुला भाताचा वास आला होता, मला माहीत आहे. तू उठली नाहीस.

मग तुला नादच लागला. विहिरीच्या दगडांतून मोरशिखा काढून आणलीस, मोराच्या तुऱ्यासारखी, बोटभर उंचीची. केशोरीच्या वाटेवर एक आंबा पडला होता, त्याच्या फांदीवरचं बाशिंग सोडवून आणलंस आणि सुतळीने फणसाला बांधलंस. डोंगरउतारावरून एक आणलंस, त्याच्या पानाच्या पाठीला चुना फासल्यासारखी पांढरी पूड. ते पान तळहातावर दाबलं की हातावर पांढरं पान उमटायचं. मी दोन्ही हातांवर नक्षी करून शाळेत जायची आणि मास्तर हात धुवायला परत पाठवायचे. पुढे मला कळलं की पुस्तकात या साऱ्या जातीला नेचे म्हणतात. तू सगळ्यांना हंसराजाचे भाऊबंद म्हणायचीस.

आता आत्याची गोष्ट. ती बाहेर ओसरीवर बसली आहे आणि मी हे लिहिते आहे हे तिला ठाऊक आहे. "माह्यं बोलणं गाळू नोको," म्हणाली. तेव्हा गाळत नाही.

आत्या तुझी थोरली नणंद. केशोरीला दिलेली, भरल्या घरातली, मुलंबाळं सुना नातवंडं. धान मळून झालं की ती माहेरी यायची आणि ती आली की मोठेबाबासुद्धा खालच्या आवाजात बोलायचे. त्या साली ती आली, विहिरीवर पाय धुवायला गेली आणि बोळाच्या तोंडाशी थबकली.

"हे काय लावून ठेवलं व?"

"हंसराज."

"फूल येते?"

"नाई."

"फर?"

"नाई."

"भाजी होते?"

"नाई जी."

"मंग कायले पाणी घालून राहिली? ना फूल ना फर. वांझोटं झाड घरात ठेवलं तं घरही तसंच राहाते."

मी तुझ्या पदराला धरून उभी होते. मायच्या हातातली घागर तशीच राहिली. तुला मूल नव्हतं हे आख्ख्या सौंदडला माहीत होतं, पण तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. तू आत्याकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "पाणी तापलं जी. आंघोळ करून घ्या." बस. संध्याकाळी गळतीत पाणी भरताना मडकं भरून वाहू लागलं तरी तू ओतत राहिलीस, ते का, मला त्या वयात कळलं नाही. नंतर कधी विचारायचं धाडस झालं नाही. आता वाटतं विचारायला हवं होतं. तू काहीतरी फटकळ बोलून मला उडवून लावलं असतंस, पण विचारायला हवं होतं.

त्याच साली धान उदंड झालं आणि ठेवायला जागा पुरेना. आत्याने जागा दाखवली: बोळ. दोन भिंती आयत्या आहेत, वर कवेलू टाकले की कोठी तयार. मोठेबाबांना पटलं. ते दोरी घेऊन मापही घेऊन आले. जेवताना त्यांनी ते सहज सांगितलं. तू वरण वाढत होतीस. पळी भांड्यात ठेवलीस.

"कोठी पाह्यजे ना? माझ्या खोलीत करा."

मोठेबाबा हसले. "अन् तू कुठं निजशील?"

"ओसरीवर."

"डोकं फिरलं काय?"

"बोळात ओल आहे. धानाले बुरशी लागन. माझी खोली कोरडी आहे, चुलीच्या पाठची आहे. तुम्हीच सांगा, धान कुठं राहीन?"

मोठेबाबांनी पुढचा घास घेतला. त्यांना वाटलं तू रागावली आहेस, राग उतरला की विसरशील. दुसऱ्या दिवशी ते शेतातून आले तेव्हा तुझी पेटी ओसरीवर होती, अंथरुणाची वळकटी तिच्यावर, आणि तुझी खोली शेणाने सारवून, कोपरे झाडून, धानाची वाट पाहत होती. लग्न होऊन आलीस तेव्हापासून या घरात तुझ्या नावाची तेवढी एकच जागा होती. ती तू एका सकाळीत सोडलीस. आत्या म्हणाली, "पाल्यापायी खोली सोडली, ऐकलं का कोणी असं?" खरंच कोणी ऐकलं नव्हतं. पण धान त्या खोलीत गेलं, एक दाणा खराब झाला नाही, आणि बोळाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. थंडी सुरू झाल्यावर मोठेबाबांनी स्वतः बांबू फोडून तट्टा विणला आणि ओसरीवर तुझ्या अंथरुणापाशी आडोसा करून दिला. त्या दिवशी त्यांच्या ताटात तुपाची धार मोठी पडली हे सगळ्यांनी पाहिलं.

मला नागपूरला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवायचं की नाही यावर घर अडून बसलं होतं, तेव्हाही तू अशीच पळी खाली ठेवून बोललीस. मी आज गोंदियाच्या शाळेत मुलींना शिकवते ते त्या पळीमुळे. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुला नक्की माहीत होतं, पण मी सांगितलं नाही.

जगभरच्या लढाईचे दिवस आले. घासलेट मिळेनासं झालं. मी सुटीत छोट्या लाईनच्या गाडीने घरी आले तर तू मला हातपाय धुऊ न देता बोळात ओढत नेलंस. गळतीखाली एक वीट पडली होती. तिच्यावर हिरवे खवले आले होते, नखाहून लहान, विड्याच्या पानाच्या आकाराचे.

"मले शेवार वाटला होता," तू कुजबुजलीस, जणू मोठ्याने बोललं तर ते पळून जाईल. "आता पाय. जवळून पाय."

एका खवल्यातून तिळाएवढं पान निघालं होतं. काळा, केसाहून बारीक देठ. हंसराज!

मला धडा आठवला. मी हंसराजाचं एक पान उलटून त्याची दुमडलेली कड तुला दाखवली. तिच्याखाली तपकिरी पूड होती. आत्या तिला कीड म्हणायची आणि धानाला लागेल म्हणून धास्तावायची. मी म्हटलं, "मोठीमाय, या पुडीतून झाडं येतात. वाऱ्याने उडून विटेवर पडली असेल."

तू खाली बसलीस. "म्हंजे बी आहे म्हण."

"बी नाही. बीजाणू."

"बीमधून झाड येते. याच्यातूनही येऊन राहिलं. मंग बी नाई तं काय?"

"बीच्या आत लहानसं झाड आधीच असतं. याच्या आत नसतं. हा खवला आधी येतो, मग त्यातून..."

"आधी येवो का मागून येवो. आलं ना?"

त्या दुपारपासून आपलं भांडण सुरू झालं. मी फळ्यावर काढतात तशी जमिनीवर चित्रं काढली. तू ती पायाने पुसलीस. गोंदियाहून मी जेव्हा जेव्हा आले, तेव्हा तेव्हा पाण्याचा पेला हातात देता देता तू विचारायचीस, "काय मास्तरीणबाई, बी आहे का नाई?" आणि मी म्हणायची, "नाही."

पण भांडण तोंडाने, हात दोघींचे एकाच कामात. पिकली पानं कागदाच्या घडीत ठेवली, कागदावर पूड पडली. विटा उकळत्या पाण्यात घातल्या, म्हणजे दुसरं काही त्यांवर उगवू नये. वीट पाण्याच्या परातीत, विटेवर ती पूड शिंपडलेली, आणि वर कंदिलाची काच, काचेच्या तोंडावर बशी. घासलेटच नव्हतं तर घरचे कंदील रिकामेच होते. "लढाईनं तेल नेलं अन् मले काचा देल्या," तू म्हणायचीस. पहिल्या विटांना पांढरी बुरशी आली. तू त्या पुन्हा उकळल्यास. नंतरच्या गोगलगायींनी खाल्ल्या. तू परातीत राखेचं कडं केलंस. शेवटी एका पावसाळ्यात ओळीने ठेवलेली प्रत्येक वीट हिरवी झाली.

धान मळून झाल्यावर आत्या आली. तू तिला हात धरून बोळात नेलंस. आता ती म्हातारी झाली होती, पण जीभ तीच होती. मी मागे उभी. तू एका विटेवरची काच उचललीस.

"पाहा जी. फूल नाई, फर नाई. अन् हे लेकरं."

आत्या वाकली. तिने एक वीट पाहिली, दुसरी पाहिली, मग ओळीच्या शेवटापर्यंत गेली.

"एवढे?"

"एवढे."

तुझ्या आवाजात टोमणा शोधला मी, नव्हता. नुसता आनंद होता, बाजारातून नवं लुगडं आणलेल्या पोरीचा असतो तसा. आत्याने काच स्वतःच्या हाताने परत बसवली. जाताना म्हणाली, "एक मले दे. माझ्या न्हाणीमागं असंच अंधारं आहे." आणि केशोरीपर्यंत ती वीट मांडीवर घेऊन गेली, बैलांच्या खासराच्या दणक्याने काच फुटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.

लग्नानंतर माझ्या डोहाळजेवणाला काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण मला ते पुन्हा सांगायला आवडतं. बाया जमल्या, पाट मांडला, आणि तू पुऱ्या लाटायचं निमित्त करून स्वयंपाकघरात शिरलीस. का, ते मला ठाऊक होतं. अशा वेळी तू नेहमीच कुठेतरी कामात असायचीस. ओटीचं ताट आत्याच्या हातात होतं, घरातली वडीलधारी तीच. ती उठली, आणि थांबली.

"अवो, मोठी कुठं गेली? बोलवा तिले. पहिली ओटी तिनं भरली पाह्यजे."

कोणीतरी चुळबुळलं. आत्याने त्या दिशेला नुसतं पाहिलं. तू पिठाच्या हातांनी बाहेर आलीस, हात पुसायचं विसरून गेलीस, आणि माझ्या हिरव्या लुगड्यावर तुझी पांढरी बोटं उमटली. बाया हसल्या. तूही हसलीस. आत्या नाक पुसत होती आणि पुऱ्यांच्या धुराला शिव्या देत होती.

त्यानंतरच्या शिवरात्रीला आपण सगळे प्रतापगडला गेलो. पाऊस ओढला होता, झरा करंगळीएवढा झाला होता, आणि तो खडक उघडाबोडका होता. खोकल्याच्या काढ्यासाठी आणि हौसेसाठी लोकांनी हंसराज मुळासकट ओरबाडून नेला होता. तू दर्शनाला वर गेलीच नाहीस. खडकावर तळवा ठेवून उभी राहिलीस.

"आपणही अठूनच नेला होता," एवढंच म्हणालीस. परतीच्या वाटेवर तू बोटांवर महिने मोजत होतीस, आणि तुझं सगळं ठरलं आहे हे मला दिसत होतं.

आषाढात, झडीच्या दिवसांत, तू बाबांना खासर जुंपायला लावलंस. ओल्या पोत्यांत विटा रचल्या. मोठेबाबा म्हणाले, "या वयात डोंगर चढशील?" तू म्हणालीस, "डोंगर माह्याहून म्हातारा आहे, तो कुठं तक्रार करून राहिला?" मी बाळ मायजवळ ठेवून आले. वरून पाऊस, खाली निसरडं. तू विटेचा तुकडा पिलासकट मोडायचीस, भेगेत बसवायचीस, चुना कालवलेल्या मातीने दाबायचीस, आणि पुढच्या भेगेकडे सरकायचीस. एकदा घसरलीस, गुडघा फुटला. मी पुरे म्हटलं. "थांब, अठी एक मावते," तू म्हणालीस. संध्याकाळी तुझी नखं उरली नव्हती. त्याच आठवड्यात मोठा लोंढा आला आणि अर्धी रोपं वाहून गेली अशी बातमी आली. तू ती ऐकलीस, विटा मोजल्या नाहीस, कोणाला विचारलं नाहीस, आणि श्रावणात पुन्हा गेलीस.

पुढच्या शिवरात्रीला वळणावरूनच ते दिसलं. कमरेपासून खाली पार पाण्यापर्यंत, सगळा खडक हिरवा. काळे देठ, लोंबते झुबके, आणि प्रत्येक पानावर पाण्याचा मणी. देवळाकडे चाललेले लोक थांबून हात जोडत होते. त्याच डोंगरावरच्या दर्ग्याकडून उतरणाऱ्या बाया झऱ्याचं पाणी डोळ्यांना लावत होत्या. एक म्हातारा सगळ्यांना सांगत होता, "महादेवानं जटा सोडल्या! पाहा, जटा सोडल्या!"

माझ्या तोंडात शब्द आले होते. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडी पिचली. "चूप."

खासरात बसल्यावर मी भडकले. "काऊन सांगू दिलं नाही? तू नखं झिजवली अन् नाव महादेवाचं?"

"महादेवाच्या जटेले कोणी हात लावत नाई," तू शांतपणे म्हणालीस. "माह्यं नाव झालं तं उद्या तठून उपटून नेतीन, म्हणतीन, ती मोठी लावते ना, पुन्हा लावन."

"मग त्यांना सांगू, घरी या, वीट घेऊन जा."

"एवढ्या विटा कोण करन?"

"मी करीन."

तू हसलीस आणि मान फिरवलीस. ते बोलणं तिथेच राहिलं.

यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुला ताप भरला. मी गोंदियाहून आले तेव्हा तू तट्ट्याच्या आडोशाला पडली होतीस आणि पडल्या पडल्या मोठेबाबांना गळतीची चिंधी बदलायला सांगत होतीस. मी काढा घेऊन बसले. तू तोंड मिटलंस.

"बी आहे म्हण. तं घेईन."

"नाही म्हणणार."

"मंग राहू दे."

"बी नाहीच आहे, मोठीमाय."

तुझे डोळे मिटलेले होते, पण ओठ हसले. आणि तू काढा घेतलास. आपलं शेवटचं बोलणं हे. याहून चांगलं मला सुचलं नसतं. मोठेबाबा आता रोज सकाळी उठून आधी गळतीत पाणी भरतात आणि मग तोंड धुतात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

काल तेरवीच्या पंगतीत अर्जुनीकडचा एक पाहुणा सांगत होता की यंदाही प्रतापगडच्या जटा कशा हिरव्यागार आहेत. लोक माना डोलावत होते. मी वाढत होते. मी पळी भांड्यात ठेवली.

आणि सांगितलं. विटा, काचा, चुना, लोंढा, तुझी नखं, सगळं. पाहुण्याचा हात घासासकट थांबला. "महादेवाच्या जटा बाईनं लावल्या?" तो म्हणाला. कोणी हसलं, कोणाला खरं वाटेना. तेव्हा आत्या उठली आणि पंगतीतल्या बायांना जेवून झाल्याबरोबर बोळात घेऊन गेली. आत गेल्यावर त्या एकेका विटेपाशी वाकल्या. मग कुठल्या तरी गावच्या एका सुनेने, तोंडावरचा पदर न काढता, हळूच विचारलं, "मले एक भेटन का जी?"

मी तिला वीट दिली. मग दुसरीला. संध्याकाळच्या आत ओळ निम्मी झाली होती. प्रत्येकीकडून मी एकच वचन घेतलं, खडकाला हात लावायचा नाही. पाहिजे तर इथे यायचं. आणि प्रत्येकीला सांगितलं, ही कोणाच्या हातची आहे. रागव हवं तर. आज सकाळपासून चुलीवर मोठ्या पितळी गंजात नव्या विटा उकळत आहेत, आणि पूड मी काल रात्रीच कागदावर झटकून ठेवली आहे.